दरीने ठेवून घेतलेली हाक

आधीच सांगते, यात पदरचं काही नाही. मला गोष्टी रचता येत नाहीत. मी चष्म्याचे नंबर काढते. समोरच्याला जेवढं दिसतं तेवढंच कागदावर लिहायचं, ही माझी वीस वर्षांची सवय.

माझ्या शेजारच्या खोलीत ताई बसते. ती कान तपासते. माझ्याहून वयाने लहान, पण लहानथोर सगळे तिला ताईच म्हणतात. जे घडलं ते तिच्याबाबतीत घडलं. निम्मं तिने मला सांगितलं, निम्मं तिच्या भावाने. आणि एका गोष्टीला मी स्वतः साक्षी आहे. ती शेवटी सांगते.

पानगळीतला, थंडी पडायच्या आधीचा शनिवार होता. वेळ दुपारची, बारा ते चार. आकाशात ढगाचा ठिपका नाही, ऊन लख्ख. भीती वाटावी असं त्या दिवसात काहीच नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर ताईला भीती वाटलीही नाही.

तेच तर वाईट.

त्याच्या आठ महिने आधी ताईचा नवरा गेला होता. लिफ्ट दुरुस्त करायचा. धडधाकट माणूस. दुपारी हत्यारांच्या पेटीवर बसून त्याने डबा उघडला आणि बसल्या जागी संपला. फोन आला तेव्हा ताई एका म्हाताऱ्या गृहस्थांचे कान तपासत होती. ते काचेपलीकडे आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसलेले. बारीक शिट्टी ऐकू आली की त्यांनी बटण दाबायचं.

ताईने फोन ऐकून घेतला. "बरं," म्हणाली.

डावा कान राहिला होता. तो तिने पूर्ण तपासला. कागदावर निळ्या फुल्या मारल्या. म्हाताऱ्यांना हाताला धरून बाहेर आणलं, पुढची तारीख दिली. आणि मग पर्स उचलली.

तेव्हापासून ती रडली नाही.

एकदाही नाही. आई म्हणायची, "अगं, एकदा रडून मोकळी हो." भावजय मुद्दाम जुने फोटो काढून बसायची. ताई फोटो बघायची, वेळेवर जेवायची, वेळेवर कामाला यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "दात काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही? तशी मी मला वाटत नाही."

सहल भावाने काढली. भाऊ शहरातल्या बसवर ड्रायव्हर. "आठवडाभर परक्यांना फिरवतो, एक दिवस घरच्यांना फिरवू दे की," म्हणाला. गाडीत पाच जण. भाऊ, भावजय, त्यांची सहा वर्षांची मुलगी, आई आणि ताई. मुलीला घरात टिकली म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून.

दोन तासांवर सरकारने राखलेलं मोठं जंगल आहे. मधोमध खोल दरी, तळाशी ओढा, वर झाडांमधून आखलेल्या वाटा. त्या दिवसांत सगळी झाडं पिवळीजर्द होतात. बघायला लांबून लोक येतात. पण त्या शनिवारी वाहनतळावर फक्त यांचीच गाडी होती.

गेटवर एक उतारवयाचा वनरक्षक. बोलायची हौस असलेला. वहीत ताईने नाव आणि फोन नंबर लिहिला. त्याने नकाशा हातात दिला.

"कठड्यापर्यंत खुशाल जा. तिथून डावीकडची वाट मात्र बंद आहे. कडा खचलाय," तो म्हणाला. मग टिकलीकडे वाकून, "आणि कठड्यावरून हाक मारून बघ हं. दरी तीनदा उत्तर देते."

निघाले सगळे. वाटेवर घोट्याएवढी पानं साचलेली. पाऊल टाकलं की कुरकुर, कुरकुर. आईच्या दोन्ही कानांत मशीन. तिला तो आवाज सोसेना.

"कानात कोणी कागद चुरगाळतंय गं. काढ हे."

ताईने दोन्ही मशीन काढून डबीत ठेवली, डबी पर्समध्ये. हे लक्षात ठेवा. मशीन नसलं की आईला मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही. हे मी नाही, ताईने स्वतः काढलेला आलेख सांगतो.

कठड्याशी पोचले तेव्हा एक वाजला होता. लोखंडी रेलिंग, पलीकडे दरी, समोर करडा कातळ. भावाने छाती भरून घेतली.

"बायको ऐकेल का?" तो ओरडला.

"...ल का? ...का? ...का?" दरी म्हणाली.

"बघा," भावजय म्हणाली. "तीसुद्धा विचारतेय, का म्हणून ऐकावं?"

सगळे हसले. टिकली ओरडली, तीनदा आलं. भावजय ओरडली, तीनदा आलं. आई बारीक आवाजात "ओ" म्हणाली, तेसुद्धा तीनदा आलं. आईला काही ते ऐकू गेलं नाही, पण इतरांची तोंडं बघून ती खूष झाली.

"ताई, आता तू."

"मी काय ओरडू?"

"काहीही ओरड गं."

ताई रेलिंगला धरून उभी राहिली. काही ठरवलं नव्हतं, असं ती सांगते. तोंड उघडलं आणि शब्द आपसूक बाहेर पडला.

"अहो..."

लग्न झाल्यावर ती नवऱ्याला गंमत म्हणून अहो म्हणायची, जुन्या बायकांची नक्कल करत. मग तेच तोंडात बसलं. बारा वर्षं.

सगळे दरीकडे बघत राहिले.

दरी गप्प होती.

एक सेकंद... दोन... पाच...

काही आलं नाही.

"वारा फिरला असेल," भाऊ म्हणाला. पण वारा नव्हताच. त्याने पुन्हा हाक मारून पाहिली. त्याची आली, तीनदा, चोख. "ताई, परत मार ना."

ताईने परत मारली. पहिल्यापेक्षा मोठ्याने.

नाही.

"आत्याची हाक दरीने ठेवून घेतली," टिकली म्हणाली.

भावजयीने तिला दटावलं. भाऊ म्हणाला, चला, भूक लागली. कठड्यापासून शंभरएक पावलांवर लाकडी टेबल आणि बाकं होती. तिथे त्यांनी डबे उघडले. ब्रेड, उकडलेली अंडी, सफरचंदं, थर्मासात चहा. टिकली जरा लांब पानांचे ढीग करून त्यात उड्या मारत होती.

ताई अंडं सोलत होती. समोर भाऊ, शेजारी आई.

आईने एकदम मान वळवली.

"आले गं," ती म्हणाली. झाडांकडे बघत.

"काय झालं, आई?" भावाने हाताने विचारलं.

"ही नाही का हाक मारतेय..." आई म्हणाली. मग तिने शेजारी पाहिलं. तिथे ताई बसलेली. आई गोंधळली. पुन्हा झाडांकडे पाहिलं. पुन्हा ताईकडे.

ताईने पर्स उघडली. डबी काढली. डबीत दोन्ही मशीन होती, बॅटरीचं दार उघडं, म्हणजे मशीन बंद.

तिने डबी मिटली.

आणि मग भावालाही ऐकू आलं.

तो मला हे सांगताना टेबलाची कड घट्ट धरून बसला होता. "शपथेवर सांगतो. ताई माझ्या समोर. दोन हातांवर. अंडं सोलतेय. तोंड बंद. आणि तिचा आवाज मागून, झाडांतून येतोय... अहो... असा. लांबून. मग थोडा जवळून."

तीन वेळा आला. तासाभराने का होईना, तीनच वेळा.

भावजयीच्या हातातला कप थांबला. भाऊ ताईकडे बघत होता. ताई अंड्यावरचं शेवटचं टरफल काढत होती.

"उशिरा आली," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. जणू बसबद्दल बोलावं.

"आवरा," भाऊ उठला. "निघायचं. टिकले, चल!"

उत्तर नाही.

पानांचे तीन ढीग तिथेच होते. चौथा अर्धवट.

टिकली नव्हती.

पुढची दहा मिनिटं कोणालाच नीट आठवत नाहीत. भाऊ वाहनतळाकडे पळाला. भावजय ओरडत दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांकडे गेली. आई टेबलापाशी उभी. ताई धावली नाही. ती उभी राहिली आणि ऐकू लागली, तेच तर तिचं काम. मुलगी पानांवरून चालतेय तर कुरकुर यायला हवी.

कुठूनही कुरकुर येत नव्हती. पाखराचा आवाज नाही. ओढ्याचा आवाज, जो मघापर्यंत होता, तोही नाही. भावजय पन्नास पावलांवर गळा फाडून ओरडत होती, तिचं तोंड दिसत होतं... आणि आवाज उशीत तोंड खुपसून ओरडावं तसा येत होता. आवाजबंद खोलीचं दार लावल्यावर कान जसे दबतात ना, तसं.

मग त्या शांततेत एकच आवाज आला. डावीकडून.

"टिकले... इकडे ये ना गं..."

ताईचा आवाज.

ताई कठड्याशी आली आणि डावीकडे वळली. बंद वाटेवर आडवा दांडा होता, त्याखालून वाकून गेली. वीसएक पावलं गेल्यावर झाडं संपली. कडा. रेलिंग वाकून खाली लोंबत होतं. आणि कड्यापासून दोन हातांवर टिकली. पाठमोरी. डोक्यावर लाल टोपी.

"टिकले," ताई म्हणाली. "मागे ये."

टिकलीने वळून पाहिलं. नीट, निरखून पाहिलं. मग पुन्हा दरीकडे तोंड केलं.

"तू नाही," ती म्हणाली. "आत्या तिकडे आहे. ती रडतेय."

आणि ताईला ते रडणं ऐकू आलं.

आता एक गोष्ट सांगते, जी ताईनेच मला समजावली. आपला आवाज आपल्याला हाडांतून ऐकू येतो, आतून. म्हणून रेकॉर्ड केलेला ऐकला की परका वाटतो. कोणालाही स्वतःचा आवाज, जसा आत असतो तसा, बाहेरून ऐकू येत नाही. येणं शक्यच नाही.

तो आवाज तसाच होता. जसा तिला आतून ऐकू येतो तस्सा. फक्त समोरून येत होता. जिथे उभं राहायला जमीनच नव्हती तिथून.

हुंदके देऊन, ऊर फुटेस्तोवर कोणीतरी रडत होतं.

"ये ना राजा," ताई टिकलीला म्हणाली. "आत्या बोलावतेय ना." तिने फार प्रयत्न केला, असं ती सांगते. आवाजात माया आणायचा. पण तोंडातून आलं ते दिवसातून चाळीस वेळा पेशंटना सांगतात त्या सुरात... आवाज आला की बटण दाबा.

टिकलीने एक पाऊल पुढे टाकलं. पायाखालची पानं सरकली. चार दगड घरंगळून कड्यावरून गेले.

खाली पडल्याचा आवाज... आला नाही.

ताई पुढे बोलली नाही. ती पोटावर आडवी झाली. कोपरांवर सरकत पुढे गेली. माती भुसभुशीत होती, अंगाखाली दबत होती. आवाज आता अगदी जवळ आला होता. कड्याच्या किंचित पलीकडे, तिच्या तोंडासमोर. बोलण्याएवढा. मधे तीन फूट अंतर असेल, ती म्हणते, जास्त नाही.

"अहो... जाऊ नका ना... अहो, मला सांगून तरी जायचं..."

ताईने टिकलीचा घोटा धरला. मग दुसरा. ओढली. टिकली पानांवर पालथी पडली, रडायला लागली, लाथा झाडायला लागली. "आत्याला आणायचंय! सोड! आत्याला आणायचंय!" टोपी निसटली, कड्यावरून गेली. ताईने तिला बगलेत धरलं आणि मागे सरकत, सरकत झाडांपर्यंत आणलं.

मी विचारलं, "त्या वेळी काय वाटलं गं तुला?"

ती विचार करून म्हणाली, "वाटलं, केवढ्या दुःखात आहे ही बाई. बिचारी."

बंद वाटेच्या तोंडाशी वनरक्षक धापा टाकत आला. मागोमाग भाऊ, भावजय. भावजयीने टिकलीला ओढून घेतलं आणि खालीच बसली. ओढ्याचा आवाज परत आला होता. पाखरंही.

"मी वर ऐकलं, म्हणून पळत आलो," वनरक्षक म्हणाला. "कोण पडलं? सगळे आहात ना?"

"सगळे आहोत," भाऊ म्हणाला.

त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. भावजय रडत होती, पण त्याचं समाधान झालं नाही. तो ताईपाशी थांबला. तिच्या ओठांना माती लागलेली. डोळे कोरडे ठणठणीत.

"मग त्या... रडणाऱ्या बाई कुठायत?"

भावाने टिकलीला उचलून घेतलं आणि गाडीकडे चालू लागला.

परतीच्या वाटेवर भावाने रेडिओ लावला आणि पूर्ण रस्ता बंद केला नाही. टिकली भावजयीच्या मांडीवर झोपली. ताईने आईच्या कानांत मशीन बसवली. आई खिडकीबाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने तिने ताईचा हात हातात घेतला आणि थोपटला.

"बरं झालं बाई," आई म्हणाली. "रडलीस एकदाची."

ताईने तिची समजूत मोडली नाही.

इथपर्यंतचं ऐकीव. आता मी पाहिलेलं.

तीन महिन्यांनी, थंडीतली सकाळ. मी ताईच्या खोलीत चहा घेऊन गेले होते. ती कोणाच्या तरी मशीनची बॅटरी बदलत होती, मसुराएवढी असते ती, दोन्ही हात गुंतलेले. फोन वाजला. तिने कोपराने स्पीकर चालू केला.

"बाई, मी जंगलातला वनरक्षक. वहीत तुमचा नंबर होता. तुम्ही... तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो. का?"

त्याने आवाज खाली आणला.

"कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही गेल्यापासून दुपारी कड्यावर एक बाई रडायची. रोज. मी त्या वाटेला जाळी लावली, कुलूप लावलं. पण गेल्या आठवड्यापासून रडणं थांबलंय."

"मग?" मीच विचारलं.

"आता ती फक्त अहो म्हणते. आणि कोणीतरी ओ देतं. पुरुषाचा आवाज आहे. मग दोघं बोलत बसतात. काय ते कळत नाही. मधूनच हसतात."

ताईने बॅटरी जागेवर बसवली. मशीनचं दार टिचकन बंद केलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

ती उठली, हात पुसले, कागद उचलला आणि पुढच्या पेशंटला बोलवायला दारात गेली. मी तिच्या अगदी मागे उभी होते, बाजूने तिचा चेहरा दिसत होता.

तिने हाक मारली.

म्हणजे तोंड उघडलं. ओठ हलले. मानेची शीर ताणली गेली.

बाकावर तिघं बसले होते. कोणीच मान वर केली नाही. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा शीर ताणली. तिघंही जमिनीकडे बघत बसलेले. मी मनाला समजावलं, ऐकू कमी येतं म्हणूनच तर आलेत इथे.

नंतर ती माझ्याशी बोलली, ते नीट ऐकू आलं. जरा बारीक वाटलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी आणखी जरा बारीक. आता मी ती बोलताना तिच्या तोंडाकडे बघत असते. ती आता पेशंटना हाक मारत नाही. बाहेर येते आणि खांद्यावर हात ठेवते. तिने मला काही सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही.

माझे कान चांगले आहेत. मागच्याच महिन्यात तिनेच तपासून दिलेत.